माल्मोची कोरी जागा : दमा आणि एका आनुवंशिक उणिवेचा इतिहास

दमा हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे की त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. जिना चढताना धाप लागली, पावसाळ्यात छाती भरून आली, पहाटे अंथरुणात उठून बसावे लागले, की घरातील वडीलधारी माणसे हे एकच नाव घेतात. ‘त्यांच्या घराण्यात दमा आहे’ हे वाक्य तर सोयरीक जुळविताना हलक्या आवाजात हमखास बोलले जाई. या लहानशा वाक्यात दोन विधाने दडलेली आहेत. रोग दमाच आहे, हे पहिले. आणि तो घराण्यातून आलेला आहे, हे दुसरे. वैद्यकाच्या इतिहासात असा एक प्रसंग घडला आहे की ज्यात काही कुटुंबांपुरते दुसरे विधान तंतोतंत खरे ठरले आणि पहिले मात्र पुष्कळदा चुकले. त्या प्रसंगाची हकीकत प्रस्तुत लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही वैद्य नव्हे. राज्य शासनाच्या सेवेत दप्तरे चाळण्यात आमची हयात गेली. परंतु या हकीकतीचा गाभाच मुळी एका दप्तरी स्वरूपाच्या निरीक्षणात आहे. भरलेल्या रकान्यांकडे सर्वांचेच लक्ष जाते. रिकामा राहिलेला रकाना पाहून थबकणारा कारकून विरळा. स्वीडनमधील एका रसायनतज्ज्ञाने असा रिकामा रकाना पाहिला आणि तो थबकला, एवढ्यावरून पुढचा सारा इतिहास घडला.

एका नावाखाली अनेक रोग

श्वासाच्या विकारांची विभागणी करण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास यांचा विचार एकत्र केलेला असून श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. रुग्णास आडवे होता येत नाही, बसल्यावर बरे वाटते, ढगाळ हवा व गारठा यांनी विकार बळावतो आणि उष्ण पदार्थ हवेसे वाटतात, ही लक्षणे ज्याने घरात दमेकरी पाहिला आहे त्यास ओळखीची वाटतील. नवा असेल तर तमकश्वास साध्य, एरवी तो याप्य, म्हणजे उपचाराने ताब्यात ठेवण्याजोगा, असा निर्वाळाही तेथे दिलेला आहे. सारी धाप एकाच जातीची नसते, हे त्या ग्रंथकारांस ठाऊक होते, एवढे येथे लक्षात घ्यावे.

युरोपात हीच जाणीव निराळ्या वाटेने आली. इंग्लंडमधील लिचफील्ड येथील वैद्य सर जॉन फ्लॉयर यांस स्वतःलाच दमा होता. त्यांनी सन १६९८ मध्ये दम्यावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात धाप लागणाऱ्या एका घोडीची फुप्फुसे मरणोत्तर उघडून पाहिली असता ती फुगलेली आढळल्याचे नमूद केले. पुढे फ्रान्समध्ये रने लॅनेक यांनी स्टेथोस्कोप प्रचारात आणला, आणि सन १८१९ च्या आपल्या ग्रंथात एम्फिसीमा या विकाराचे सविस्तर वर्णन केले. फुप्फुसातील वायुकोशांच्या नाजूक भिंती झिजून मोडतात, लहान लहान कोशांच्या जागी मोठ्या सैल पोकळ्या होतात आणि आत गेलेली हवा बाहेर पडेनाशी होते, असा तो विकार.

दमा आणि एम्फिसीमा यांतला भेद सोप्या शब्दांत सांगता येतो. दम्यात मुख्यतः श्वासनलिका आवळतात व सुजतात. औषधाने अथवा आपोआप त्या पुन्हा मोकळ्या होतात. एम्फिसीमात फुप्फुसाची घडणच मोडते आणि मोडलेला भाग पुन्हा उभा राहत नाही. एकात दार अडकते, दुसऱ्यात भिंत पडते. बाहेरून ऐकू येणारी घरघर मात्र दोहोंत सारखी असू शकते, आणि घोटाळ्याचे मूळ नेमके येथे आहे.

माल्मोची प्रयोगशाळा

माल्मो हे स्वीडनच्या दक्षिण टोकाचे बंदर. सामुद्रधुनीच्या पलीकडे डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कार्ल-बर्टिल लॉरेल (१९१९–२००१) हे रक्तातील प्रथिनांचे गाढे अभ्यासक होते. स्वीडनमध्ये या विद्येची परंपराच होती. उप्साला येथील आर्ने टिसेलियस यांनी सन १९३७ मध्ये विजेच्या प्रवाहाने रक्तातील प्रथिने वेगळी करण्याची रीत सिद्ध केली होती आणि त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. या रीतीस इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. तिचे तत्त्व असे की, प्रत्येक प्रथिनावरील विद्युत्‌भार कमीअधिक असल्यामुळे प्रवाह सोडला असता ती निरनिराळ्या वेगाने सरकतात आणि आपापल्या जागी पट्टे उमटवितात. अल्ब्युमिन, अल्फा-१, अल्फा-२, बीटा व गॅमा ही त्या पट्ट्यांची नावे. पुढे ही रीत कागदाच्या पट्टीवर करता येऊ लागली तेव्हा ती मोठ्या रुग्णालयांच्या नित्य कामात आली.

लॉरेल यांच्यापुढे अशा सुमारे १,५०० पट्ट्या होत्या. त्यांतील पाच पट्ट्यांवर अल्फा-१ चा पट्टा जवळजवळ उमटलाच नव्हता. दीड हजारांत पाच! कोणीही म्हणाला असता की कागद खराब असेल, नमुना शिळा असेल. लॉरेल तसे म्हणाले नाहीत. अल्फा-१ च्या जागी उमटणाऱ्या प्रथिनांत सर्वांत मोठा वाटा ज्या एका प्रथिनाचा असतो, त्याचे नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. पट्टा नाही, याचा अर्थ ते प्रथिन नाही. मग हे पाच रुग्ण कोण, त्यांना काय होते आहे, याचा शोध घेण्यास त्यांनी स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरांस सोबत घेतले. पाचांपैकी तिघांना ऐन उमेदीत एम्फिसीमाने ग्रासलेले आढळले. उरलेल्यांपैकी एकाच्या कुटुंबात तोच विकार होता. ही हकीकत दोघांनी सन १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे एरिक्सन यांनी कुटुंबे धुंडाळीत तेहेतीस व्यक्ती शोधल्या आणि १९६५ मधील आपल्या प्रबंधात ही उणीव आनुवंशिक असल्याचे व फुप्फुसाच्या ऱ्हासाशी तिचा निकट संबंध असल्याचे दाखवून दिले.

यात नवे उपकरण नव्हते की प्रचंड खर्च नव्हता. अशा पट्ट्या इतर रुग्णालयांतही निघत असत. उमटलेल्या पट्ट्यांचे मोजमाप करणे हे रोजचे काम. न उमटलेल्या पट्ट्याचा पाठपुरावा मात्र कामाच्या यादीत नसतो.

पपईचा चीक आणि फुप्फुसाची भिंत

एका प्रथिनाच्या अभावी फुप्फुस का मोडावे? याचे उत्तर जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेतून आले. पॉल ग्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगातील उंदरांच्या फुप्फुसांत पपेन सोडले, आणि त्या उंदरांना एम्फिसीमा झाला. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातील प्रथिने पचविणारे विकर. मांसाहारी घरांत मांस लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावून ठेवतात, त्यातले काम हेच विकर करते. भांड्यात जे मांसाचे होते, तेच त्या उंदरांच्या फुप्फुसाचे झाले.

आता माल्मोचा धागा आणि हा धागा जुळविणे कठीण राहिले नाही. आपल्या शरीरातही प्रथिने कुरतडणारी विकरे असतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना इलॅस्टेज हे विकर सोडतात. ते जंतूंचा समाचार घेते खरे, परंतु फुप्फुसास ताणण्याची व पूर्ववत होण्याची शक्ती देणाऱ्या इलॅस्टिन या तंतूसही ते कुरतडते. काम आटोपताच या विकराला आवरणारा कोणी हवा. तो म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते आणि रक्तावाटे फुप्फुसात पोहोचते. त्याचे नाव स्वादुपिंडातील ट्रिप्सिन या विकरावरून पडले, कारण प्रयोगशाळेत ते ट्रिप्सिनला अडवते असे प्रथम दिसले. प्रत्यक्षात त्याची खरी कामगिरी इलॅस्टेजला आवरण्याची आहे. येथेही नाव एक आणि काम दुसरे, असा प्रकार झाला.

या चित्रात तंबाखूच्या धुराचा भाग दुहेरी आहे. धूर फुप्फुसात न्यूट्रोफिल पेशींची गर्दी जमवितो, म्हणजे इलॅस्टेज वाढवितो. शिवाय अँटिट्रिप्सिनच्या कामाच्या नेमक्या टोकाचे ऑक्सिडीकरण करून त्याची धार बोथट करतो. ज्यांच्याजवळ मुळातच हे प्रथिन तुटपुंजे, त्यांचे काय होणार हे सांगावयास नको. स्वीडनमधील लार्सन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीव्र उणीव असलेल्यांपैकी धूम्रपान करणाऱ्यांना धाप लागू लागण्याचे वय साधारण ४० आणि न करणाऱ्यांचे साधारण ५३ असे आढळले. जनुक तेच, आणि आयुष्याची तेरा वर्षे विडीकाडीच्या हिशेबात गेली.

वारसा कसा चालतो

नॉर्वेतील मॅग्ने फॅगरहोल यांनी १९६७ च्या सुमारास या प्रथिनाची निरनिराळी रूपे ओळखून त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे देण्याची पद्धत घातली. विजेच्या प्रवाहात मध्यम वेगाने सरकणारे ते एम. हेच बहुसंख्य माणसांत असते. मंद सरकणारे ते एस, आणि सर्वांत मंद ते झेड. प्रत्येकास आईकडून एक व वडिलांकडून एक असे जनुक मिळते. दोन्ही झेड आले तर रक्तातील प्रथिनाचे प्रमाण सामान्याच्या दहा ते पंधरा टक्क्यांवर येते. एक एम व एक झेड असलेली व्यक्ती वाहक. ती बहुधा निरोगी असते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्यास तीव्र उणीव येण्याची शक्यता चारांत एक. म्हणूनच दोन पिढ्या धडधाकट गेल्यानंतर तिसऱ्या पिढीतील दोघा भावंडांना तरुणपणीच धाप लागावी, असे घडू शकते.

सन १९६९ मध्ये अमेरिकेतील हार्वी शार्प यांनी यकृताच्या सिर्‍होसिसने आजारी असलेल्या मुलांत हीच उणीव दाखविली आणि प्रश्न अधिक गूढ झाला. फुप्फुस आणि यकृत यांचा संबंध काय? त्याचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. १९७६ मध्ये समजले की झेड रूपात ३९४ दुव्यांच्या साखळीतील ३४२ वा दुवा, म्हणजे एक अमिनो आम्ल, बदललेला असतो. १९९२ मध्ये केंब्रिज येथील डेव्हिड लोमस, रॉबिन कॅरेल व सहकाऱ्यांनी दाखविले की या एका बदलामुळे प्रथिनाचे रेणू एकमेकांत अडकून साखळ्या करतात व यकृताच्या पेशींतच साचून राहतात. माल तयार होतो, परंतु वखारीबाहेर पडत नाही. वखार फुगून बिघडते ती यकृताची व्याधी, आणि बाजारात टंचाई पडते ती फुप्फुसाची. ज्या रुग्णास नवे यकृत बसविले जाते त्याच्या रक्तात हे प्रथिन पुरेसे दिसू लागते, हा त्याचा पुरावाच होय.

झेड हे रूप सर्वांत अधिक आढळते ते दक्षिण स्कँडिनेव्हियात व बाल्टिक किनाऱ्यावर. एस हे रूप स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात. पाच कोऱ्या जागा माल्मोच्याच कागदांवर दिसाव्यात यास तेथील लोकसंख्येचा वारसाही कारण होता.

दम्याशी नाते कोणते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तीव्र उणीव असलेल्या कित्येकांना खरे निदान होण्यापूर्वी वर्षानुवर्षे ‘दमा’ हेच नाव मिळत आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने अशा १,१२९ व्यक्तींची नोंदवही तयार केली होती. तिच्या आधारे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दम्याचे कडक निकष लावूनही, सुमारे पंचमांश व्यक्तींत दम्याची लक्षणे भरली. १९९४ मधील एका अमेरिकी पाहणीत असे दिसले होते की, लक्षणे सुरू झाल्यापासून खरे निदान होईपर्यंत सरासरी ७.२ वर्षे गेली आणि सुमारे ४४ टक्के रुग्णांनी तोपर्यंत किमान तीन डॉक्टर गाठले होते. ज्या रोगात एकेक वर्षाच्या धूम्रपानाची किंमत मोजावी लागते, त्यात सात वर्षे म्हणजे लहान अवधी नव्हे.

असे का व्हावे? यात सरसकट डॉक्टरांस दोष देणे अन्यायाचे होईल. इलॅस्टिनचे तंतू झिजले की लहान श्वासनलिकांना बाहेरून ताणून धरणारा आधार जातो; श्वास सोडताना त्या मिटतात आणि घरघर ऐकू येते. आवरते प्रथिन नसल्यामुळे नलिकांच्या आतल्या अस्तरासही सूज येते, कफ वाढतो. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध दिले तर थोडा उतारही पडतो. रुग्ण तरुण, घरघर स्पष्ट, औषधाने थोडे बरे. मग दमा म्हणण्यास प्रत्यवाय कोणता? फरक कळतो तो काळाने. दमेकऱ्याचा श्वास दोन झटक्यांच्या मध्ये बहुधा पूर्ववत होतो. या रुग्णाचा तो कधीच पूर्ववत होत नाही आणि दरवर्षी थोडा थोडा उणा होत जातो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ही उणीव दम्याचे कारण आहे, असे संशोधनाने सिद्ध झालेले नाही. दमेकऱ्यांच्या गटांत तीव्र उणिवेचे प्रमाण शोधले असता बहुतेक पाहण्यांत ते सामान्य लोकसंख्येहून फारसे अधिक निघाले नाही. दमा हा स्वतःच इतका सर्वसामान्य विकार आहे की उणीव असलेल्या काहींना खराखुरा दमाही असणारच. तेव्हा नाते आहे ते तिपेडी आहे : काहींच्या बाबतीत एम्फिसीमालाच दमा म्हटले गेले, काहींत दोन्ही विकार एकत्र नांदले, आणि काहींत नलिकांची सूज या उणिवेमुळेच दम्यासारखी वाढली. या तीन पेडांची उकल नुसत्या छातीच्या तपासणीने होत नाही. रक्त तपासावे लागते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीने १९९७ मध्ये अशी शिफारस केली की, दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकाराच्या सर्व रुग्णांची आणि दमा असलेल्या प्रौढांची व किशोरवयीनांची या प्रथिनासाठी एकदा तपासणी व्हावी. सन २००३ मध्ये अमेरिका व युरोपातील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी संयुक्त निवेदनात हे वर्तुळ दम्यापुरते लहान केले आणि जोरकस औषधोपचारानंतरही ज्यांचा श्वासमार्ग पूर्ण मोकळा होत नाही अशा दमेकऱ्यांवर भर दिला. शिफारशी कागदावर आल्या. तपासणी मात्र त्या प्रमाणात झाली नाही आणि निदानातील दिरंगाई त्यानंतरच्या पाहण्यांतही दिसत राहिली.

जाणून घेणे हिताचे की अहिताचे

या इतिहासातील आम्हास सर्वांत विचारप्रवर्तक वाटणारे प्रकरण पुन्हा स्वीडनमधलेच आहे. सन १९७२ ते १९७४ या काळात तेथे दोन लाख नवजात बालकांची या उणिवेसाठी तपासणी करण्यात आली. बालरोगतज्ज्ञ टोमास स्वेगर हे या कामाशी निगडित होते. दोन्ही झेड असलेली १२७ बालके आढळली; म्हणजे साधारण पंधराशे ते सोळाशे जन्मांमागे एक. त्यांतील थोड्यांना तान्हेपणी दीर्घकाळ कावीळ झाली. बहुसंख्य बालके बाहेरून निरोगी होती.

परंतु आईबापांच्या मनावर या निदानाचा जबर आघात झाला. पाळण्यातल्या हसऱ्या मुलाच्या शरीरात चाळिशीत उद्भवणारा रोग दबा धरून बसला आहे, हे कळल्यावर ते मूल पूर्वीसारखे कसे दिसावे? ही चिंता लक्षात घेऊन तपासणीचा कार्यक्रम थांबविण्यात आला. येथे प्रकरण संपले असते तर ‘अज्ञानात सुख’ एवढाच निष्कर्ष निघाला असता. पण स्वेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचा माग सोडला नाही. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची फुप्फुसे सर्वसाधारणपणे निकोप होती, आणि समवयस्कांच्या तुलनेत त्यांच्यात धूम्रपान करणारे कमी होते. लहानपणापासून ठाऊक असल्याने पुष्कळांनी सिगारेट हाती धरलीच नाही. आईबापांनी सोसलेल्या चिंतेचा मुलांना असा लाभ झाला. कार्यक्रम थांबविण्याचा निर्णयही माणुसकीचा होता आणि त्याचे फळही हिताचे निघाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे मान्य करण्याखेरीज इलाज नाही.

औषधाचा पुढचा टप्पा १९८७ चा. दात्यांच्या रक्तातून वेगळे काढलेले हे प्रथिन शिरेवाटे देण्यास अमेरिकेत त्या वर्षी मान्यता मिळाली. ते बहुधा दर आठवड्यास, आणि निरंतर द्यावे लागते, खर्च अवाढव्य. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्याने फुप्फुसाच्या झिजेचा वेग मंदावतो असे दिसले. झिजलेला भाग मात्र ते परत आणीत नाही. त्यामुळे लवकर कळणे व धुरापासून दूर राहणे यांचे मोल या औषधानंतरही कमी झालेले नाही.

मागाहून केलेले निदान

असे ज्ञान हाती आले की इतिहासातील थोरामोठ्यांची दुखणी नव्याने तपासण्याचा मोह होतो. पोलिश संगीतकार फ्रेडरिक शोपँ हे जन्मभर छातीच्या विकाराने त्रस्त होते आणि १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिस येथे अवघ्या ३९ व्या वर्षी वारले. त्यांची धाकटी बहीण एमिलिया १८२७ मध्ये चौदाव्या वर्षीच दगावली होती. त्यांच्या काळी क्षय हेच नाव सांगितले गेले. १९९४ मध्ये एका इंग्रजी वैद्यकीय लेखात ही उणीव असावी असा तर्क मांडला गेला. त्यांचे हृदय वॉर्सा येथील चर्चमध्ये बंद बरणीत जतन केलेले आहे. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी ते बरणी न उघडता बाहेरून पाहिले, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात हृदयावरणापर्यंत पोहोचलेल्या क्षयाकडेच बोट दाखविले. बहीणभावंडांत छातीचा रोग असला म्हणजे तो जनुकातूनच आला, असे धरून चालत नाही. एका खोलीत राहणाऱ्यांना एकमेकांपासून क्षयही होतो.

आपल्या घराण्यांपुरते

हीच सावधगिरी आपल्याकडे अधिक पाळली पाहिजे. भारतात झेड हे रूप अतिशय विरळ आहे. आपल्याकडील दीर्घकाळच्या धापेमागे विडी-सिगारेट, चुलीचा धूर, जुना क्षय, कारखान्यातील धूळ आणि खराखुरा दमा हीच कारणे प्रामुख्याने असतात. तेव्हा हा लेख वाचून कोणी चालू औषध सोडावे किंवा उगाच धास्ती घ्यावी, असा आमचा हेतू नाही. विरळ म्हणजे अशक्य नव्हे, एवढेच ध्यानी असावे. धूम्रपान न करताही पंचेचाळिशीच्या आत एम्फिसीमा झाला, नियमित औषधे घेऊनही ‘दमा’ कधीच पुरता उतरत नाही, अथवा एकाच कुटुंबात कोणाचे फुप्फुस व कोणाचे यकृत अकारण बिघडले, तर या प्रथिनाची रक्ततपासणी करावी काय, असे आपल्या डॉक्टरांस विचारण्यास संकोच नसावा. अंगात ताप वा दाह असता हे प्रथिन काही काळ वाढते, म्हणून तपासणी केव्हा करावी हेही त्यांनाच ठरवू द्यावे.

आमचे दुसरे सांगणे इतिहासाचे आवडते असलेल्या वाचकांसाठी आहे. एरिक्सन यांस वारसा सिद्ध करता आला तो कुटुंबे शोधता आली म्हणून. मुलूख सोडून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनी कुलवृत्तांत मोठ्या आस्थेने जपले. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोणत्या दरबारात कोणता हुद्दा, कोणाची कन्या कोठे दिली, हे सारे त्यांत सापडते. माणूस कशाने गेला, हे मात्र क्वचितच. जेथे असते तेथे ‘दम्याने’, ‘अल्पशा आजाराने’ एवढेच. घराण्याचा रोग उघड झाला तर मुलीची सोयरीक मोडेल, ही भीती त्यामागे होती. ती अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही. परंतु त्या लपवाछपवीची झळ नातवंडांना लागू शकते, हे आता कळून चुकले आहे.

ज्या घरांत कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याचे चालले असेल त्यांनी, छापावयास नसला तरी घरच्या वहीत, एक रकाना वाढवावा. धाप प्रथम कोणत्या वयात लागली, औषधाने ती पूर्ण उतरत असे काय, विडी अथवा चुलीचा धूर किती वर्षे होता, यकृताचा काही विकार होता काय, आणि डॉक्टरांनी नेमके कोणते नाव सांगितले, एवढे पाच प्रश्न त्यात पुरेत. ऐंशीच्या घरातील आत्या व काका अद्याप आहेत तोवर त्यांना ते विचारता येतील. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, त्याची जागा दमा असे लिहून भरून टाकू नये. ती तशीच कोरी ठेवावी.